एक अर्ज, दोन पदव्या : अमेरिकेतील संयुक्त एम.डी.–पीएच.डी. अभ्यासक्रम

आपल्या विद्यापीठांत 'एम.डी.' ही पदवी एम.बी.बी.एस. झाल्यानंतर एखाद्या विशेष शाखेचे तीन वर्षे अध्ययन करणाऱ्यास मिळते. अमेरिकेत हीच अक्षरे वैद्यकाच्या पहिल्या पदवीची वाचक आहेत. तेथील विद्यार्थी प्रथम चार वर्षांची सामान्य पदवी घेतो. ती रसायनशास्त्राची असेल, गणिताची असेल, क्वचित इतिहासाचीही असेल. त्यानंतर चार वर्षांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळवून तो एम.डी. होतो. म्हणजे शिक्षणाच्या पायरीने पाहिल्यास तिकडचा एम.डी. हा आपल्या एम.बी.बी.एस.च्या जवळचा. भेद क्षुल्लक वाटेल. परंतु 'संयुक्त एम.डी.–पीएच.डी.' या नावाच्या अभ्यासक्रमांविषयी आपल्या विद्यार्थ्यांत जे गैरसमज आढळतात त्यांतील पुष्कळसे या दोन अक्षरांपासूनच सुरू होतात. या अभ्यासक्रमांचे स्वरूप काय, त्यांच्या अर्जात नेमकी कशाची परीक्षा होते, आणि येथील पदवीधरास तो मार्ग कितपत मोकळा आहे, एवढ्यापुरताच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो अर्जदारांइतकाच अध्यापकांसाठीही आहे. कारण या अर्जाचा एक महत्त्वाचा भाग अर्जदाराच्या हाती नसून त्याच्या मार्गदर्शकाच्या हाती असतो.

एकाच व्यक्तीने रुग्णाची चिकित्साही शिकावी आणि प्रयोगशाळेतील मूलभूत संशोधनाची शिस्तही अंगी बाणवावी, या कल्पनेला अभ्यासक्रमाचे रूप देण्याचे जे आरंभीचे प्रयत्न झाले त्यांत क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा, १९५६ च्या सुमाराचा प्रयत्न प्रमुख होय. तेथील औषधशास्त्र विभागाचे प्रमुख अर्ल सदरलंड हे होते. संप्रेरकांचा संदेश पेशीच्या आत कसा पोहोचतो यावरील संशोधनासाठी पुढे १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये या अभ्यासक्रमात दाखल झालेले फेरीद मुराद १९६५ मध्ये दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडले. १९६२ मध्ये दाखल झालेले आल्फ्रेड गिलमन १९६९ मध्ये. या दोघांनाही अनुक्रमे १९९८ व १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका लहानशा विभागाच्या दृष्टीने हे फळ असामान्यच म्हटले पाहिजे. मात्र त्यावरून अभ्यासक्रमाची महती ठरविण्याची घाई करू नये. सदरलंड यांच्या विभागात त्या काळी विचारले जाणारे प्रश्नच मोठ्या तोलाचे होते.

या प्रयोगाला राष्ट्रीय रूप आले ते १९६४ मध्ये. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संघराज्य-शासनाच्या संस्थेने 'मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम' या नावाची अनुदान-योजना सुरू केली आणि न्यूयॉर्कमधील आल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालय, न्यूयॉर्क विद्यापीठ व नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ अशा तीन ठिकाणी तिचा आरंभ केला. तरीही प्रयोगशाळेकडे वळणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण घटतच राहिले. १९७९ मध्ये जेम्स वाइनगार्डन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा संशोधक डॉक्टरांची तुलना नामशेष होऊ लागलेल्या प्राणिजातीशी केली, आणि ती उपमा तेव्हापासून या विषयाला चिकटून राहिली आहे. आज वरील अनुदान मिळणाऱ्या संस्था पन्नासाहून अधिक आहेत; अनुदानाविना चालणारे अभ्यासक्रम धरले तर एकूण संख्या शंभराच्या बरीच पुढे जाते. तरीही दरवर्षी या मार्गाने प्रवेश घेणारे विद्यार्थी सुमारे सातशेच. केवळ एम.डी.साठी प्रवेश घेणाऱ्यांची संख्या बावीस-तेवीस हजारांच्या घरात असते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटेची अरुंदी ध्यानात येते.

अभ्यासक्रमाची ठेवण सामान्यतः अशी असते : प्रथम दोन वर्षे वैद्यकाचे वर्गातील शिक्षण, मग तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळेत पीएच.डी.चा प्रबंध, आणि शेवटी सुमारे दोन वर्षे रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षण. सरासरी आठ वर्षे. येथे प्रशिक्षण संपत नाही. निवासी डॉक्टर म्हणून तीन ते सात वर्षे, आणि त्यापुढे उपशाखेचे शिक्षण, हे सर्व बाकीच असते. स्वतंत्र संशोधक म्हणून पहिले अनुदान हाती येईपर्यंत वयाची चाळिशी गाठणे ही नवलाची गोष्ट नव्हे. या ठेवणीतील खरा अवघड सांधा चौथ्या-पाचव्या वर्षांचा नसून प्रबंधानंतरचा आहे. चार वर्षे पेशींच्या व प्रथिनांच्या सहवासात काढून विद्यार्थी रुग्णशय्येजवळ परततो तेव्हा त्याच्या मूळ वर्गातील सोबती निवासी डॉक्टर झालेले असतात, आणि कधीकाळी पाठ असलेली हृदयाच्या ध्वनींची लक्षणे त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागतात.

या दीर्घ कालावधीची भरपाई म्हणून अनुदानित अभ्यासक्रमांत शुल्क माफ असते व शिवाय विद्यावेतन मिळते. केवळ एम.डी. करणाऱ्या आणि कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी मध्यम प्रमाणाने दोन लक्ष डॉलर्सच्या आसपास ऋण असते, हे पाहता ही सवलत मोठीच. परंतु तिच्या मोहाने अर्ज करणे हा व्यवहारदृष्ट्याही चुकीचा हिशोब आहे. संशोधनात गेलेली चार वर्षे म्हणजे पुढील व्यवसायातील चार वर्षांची पूर्ण प्राप्ती सोडणे होय, आणि ती रक्कम वाचलेल्या शुल्काहून बहुधा अधिक भरते. प्रवेश-समितीवरील मंडळींना हा हिशोब अर्थातच ठाऊक असतो. म्हणूनच अर्जातील प्रत्येक कागद या ना त्या रीतीने एकच प्रश्न विचारतो : दोन्ही कशासाठी?

अर्ज करण्याची यंत्रणा एम.डी.ची व संयुक्त अभ्यासक्रमाची एकच आहे. बहुतेक विद्यालयांसाठी अमेरिकन मेडिकल कॉलेज ॲप्लिकेशन सर्व्हिस ही मध्यवर्ती सेवा अर्ज स्वीकारते; टेक्सास राज्याची आपली निराळी व्यवस्था आहे. एम.डी.च्या अर्जदारास आपण वैद्यकाकडे का वळलो हे सांगणारे एक निवेदन ५,३०० अक्षरांच्या मर्यादेत लिहावे लागते. संयुक्त अभ्यासक्रमाचा पर्याय निवडला की आणखी दोन निवेदने पुढे येतात. 'दोन पदव्या का' हे सांगण्यासाठी ३,००० अक्षरे, आणि आपल्या संशोधनाच्या अनुभवासाठी १०,००० अक्षरे. या तीन आकड्यांकडे पाहिले तरी समितीचे लक्ष कोठे आहे ते कळते. सर्वांत मोठी जागा संशोधनाच्या वृत्तांताला आहे. सर्वांत कठीण निवेदन मात्र सर्वांत छोटे आहे.

त्या तीन हजार अक्षरांत अर्जदार बहुधा दोन पदव्यांची बेरीज मांडतो. मला रुग्णसेवेची ओढ आहे, मला संशोधनाचीही आवड आहे, म्हणून मला दोन्ही हवे. ही बेरीज खरी असली तरी तिने काहीच सिद्ध होत नाही. संशोधन करण्यासाठी डॉक्टराला पीएच.डी. लागतेच असे नाही. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण या संदर्भात आठवण्याजोगे आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. त्या विषाने शरीरातील ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येऊन हृदय निकामी होते हे त्यांनी रुग्णांच्या अवस्था रात्रंदिवस न्याहाळून टिपून ठेवले, रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्या पुराला बांध घालू शकेल हे हेरले, आणि त्या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आणले. त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न रुग्णशय्येजवळ उपजला आणि त्याचे उत्तरही तेथेच सापडले, पीएच.डी.ची वाट पाहावी लागली नाही.

याच्या उलट टोकाला पेशीच्या आवरणातील एखाद्या प्रथिनाची घडण उकलणारा संशोधक असतो. त्याला रुग्ण तपासण्याचे कारण पडत नाही, चांगली पीएच.डी. त्यास पुरते.

या दोहोंच्या मध्ये पडणारे प्रश्न थोडे असतात, आणि संयुक्त अभ्यासक्रम त्यांच्यासाठी आहे. हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीन गुणकारी असल्याचे विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये 'लॅन्सेट'मधूनच जाहीर केले होते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे डॉक्टर ते देत राहिले. ते का लागू पडते हे मात्र कोणास सांगता येत नव्हते. १९७७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात मुराद यांनी दाखविले की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो पेशीतील एका विकराला चालना देऊन रक्तवाहिनीचे स्नायू सैल करतो. औषध रुग्णालयातले, आणि उत्तराची रीत सदरलंड यांच्या विभागात विद्यार्थीदशेत शिकलेल्या जीवरसायनाची. बावीस वर्षांच्या अर्जदाराकडून असा प्रश्न तयार असण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. आपल्याला ज्या जातीच्या प्रश्नांचे कुतूहल आहे ते एका पदवीने का सुटणार नाहीत, हे त्याने स्वतःच्या अनुभवातील एखाद्या खऱ्या उदाहरणाने सांगावे, एवढीच अपेक्षा असते. ज्याला ते सांगता येत नाही त्याने अर्ज पुढे ढकलावा, किंवा दोहोंपैकी एकच वाट धरावी. त्यात कमीपणा काही नाही.

संशोधनाच्या दीर्घ निवेदनात चुका होतात त्या निराळ्या प्रकारच्या. विद्यार्थी प्रयोगशाळेचे थोरपण वर्णितो, मार्गदर्शकाच्या निबंधांचा सारांश देतो, वापरलेल्या उपकरणांची यादी देतो, आणि स्वतः तेवढा त्यात कोठे दिसत नाही. वाचणारा मात्र त्यालाच शोधीत असतो. प्रश्न काय होता, त्यातील कोणता भाग अर्जदाराचा, कोणता प्रयोग फसला, फसल्यावर त्याने काय अनुमान केले आणि पुढचा प्रयोग कोणता ठरविला : एवढे सरळ सांगितले तर दहा हजार अक्षरे पुरून उरतात. प्रसिद्ध निबंधावर नाव असणे उपयोगी आहे, अनिवार्य नाही. चार प्रयोगशाळांत चार उन्हाळे काढण्यापेक्षा एकाच प्रश्नाशी दोन वर्षे झुंजलेला अर्जदार समितीला अधिक भावतो. कारण उघड आहे : पीएच.डी.चा बहुतेक काळ अपयशाच्या सहवासात जातो, आणि तो सहवास ज्याने चाखला आहे त्याच्याबद्दल काही अंदाज बांधता येतो. पदवीनंतर एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत पूर्ण वेळ काम करून मगच अर्ज करण्याची पद्धत यामुळेच तेथे रूढ झाली आहे.

प्रवेश-परीक्षेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मेडिकल कॉलेज ॲडमिशन टेस्ट या परीक्षेचे गुण २०१५ पासून ४७२ ते ५२८ या श्रेणीत दिले जातात. संयुक्त अभ्यासक्रमांत प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी अलीकडे ५१६ च्या आसपास असते. त्या गुणांनी दार उघडते, आत नेऊन कोणी बसवीत नाही.

शिफारसपत्रांविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. अर्जदाराने ज्या ज्या मार्गदर्शकाकडे अर्थपूर्ण संशोधन केले त्या प्रत्येकाचे पत्र समितीला हवे असते, आणि एखादे गैरहजर असल्यास ते का नाही असा प्रश्न हमखास उठतो. अमेरिकेत संशोधनासाठी गेलेले आपले विद्यार्थी, तसेच तेथेच वाढलेली व सुटीत येथील एखाद्या प्रयोगशाळेत काम करून गेलेली मराठी कुटुंबांतील मुले, या निमित्ताने येथील अध्यापकांकडे येतात. आपल्याकडील शिफारसपत्र हा बहुधा विशेषणांचा गुच्छ असतो : हुशार, कष्टाळू, विनयशील, सुस्वभावी. असे पत्र वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. किंबहुना लेखकास विद्यार्थी नीटसा ठाऊक नसावा असाच ग्रह होतो. विद्यार्थी किती महिने, आठवड्याचे किती तास आपल्याकडे होता. त्याला काय काम दिले आणि त्याने न सांगता काय केले. आपल्याशी मतभेद होता तेव्हा तो कसा वागला. आजवर मार्गदर्शन केलेल्या इतक्या विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कोणते : यांतील दोन गोष्टी जरी तपशिलाने आल्या तरी दोन पानांच्या स्तुतीहून त्यांचे वजन अधिक. एखादी उणीव मोकळेपणाने नमूद केली तर पत्राच्या उरलेल्या भागावर विश्वास बसतो.

विद्यार्थ्यानेच पत्राचा मसुदा करून आणावा व अध्यापकांनी खाली स्वाक्षरी करावी, हा जो परिपाठ काही ठिकाणी पडला आहे तो येथे सर्वथा घातक ठरतो. तिकडे अर्जदार आपले पत्र पाहण्याचा हक्क बहुधा लेखी सोडून देतो, आणि पत्राचे मोल त्या गुप्ततेवरच उभे असते. शिवाय मसुदा एकाच हातचा असला की तीन पत्रांची भाषा एकसारखी येते. शंभर अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

मुलाखती साधारणतः सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात आणि पुष्कळ ठिकाणी दोन दिवस चालतात. एका बाजूला वैद्यकीय विद्यालयाची समिती, दुसऱ्या बाजूला संशोधकांची. कित्येक संस्थांत दोहोंची संमती लागते. संशोधकांच्या मुलाखतीत अर्जदाराला आपले काम निराळ्या शाखेच्या विद्वानास पाच मिनिटांत समजावून द्यावे लागते, आणि 'हा निष्कर्ष चुकीचा असेल तर तुम्हाला ते कशावरून कळेल?' या धर्तीचे प्रश्न येतात. पाठ केलेले उत्तर येथे फार टिकत नाही. मुलाखतीस जाण्यापूर्वी एक गोष्ट प्रत्येक संस्थेस विचारून ठेवावी : संयुक्त अभ्यासक्रमासाठी नकार आल्यास अर्ज केवळ एम.डी.साठी विचारात घेतला जातो की नाही. याविषयी संस्थांचे नियम भिन्न आहेत. अर्ज मे महिन्यात खुला होतो, महिनाअखेरीपासून सादर करता येतो. लवकर पाठविलेला अर्ज लवकर वाचला जातो. एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्याने पुढील वर्षाच्या ३० एप्रिलपर्यंत आपली निवड करावी, असा संकेत आहे.

इतक्या खटाटोपाचे फळ काय? चोवीस अभ्यासक्रमांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दहा टक्के विद्यार्थी मध्येच गळाल्याचे आढळले. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के विद्यापीठांत, संशोधनसंस्थांत किंवा संशोधनाशी निगडित उद्योगांत काम करीत होते. दहा हजारांहून अधिक पदवीधरांची जी मोठी पाहणी २०१८ मध्ये पुढे आली तिचाही रोख साधारण असाच होता. परंतु विद्यापीठात नेमणूक असणे आणि आठवड्यातील बहुतांश वेळ संशोधनास मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि रुग्णालयाचे काम संशोधनाचे तास खाऊन टाकते ही तक्रार तिकडेही जुनीच आहे.

आता आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. वर ज्या अनुदान-योजनेचा उल्लेख आला तिचा पैसा केवळ अमेरिकेचे नागरिक व तेथील कायम रहिवासी यांच्यावरच खर्च करता येतो. त्यामुळे बहुसंख्य संयुक्त अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विचारात घेत नाहीत. स्वतःच्या निधीतून त्यांना घेणाऱ्या संस्था मोजक्या आहेत, आणि त्यांच्याकडेही अमेरिकेत किंवा कॅनडात काही काळ तरी शिक्षण झालेले असावे अशी अट बहुधा असते. येथे एम.बी.बी.एस. झालेल्याने तर या मार्गाचा विचारच करू नये. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या भेदाचा परिणाम येथे दिसतो : संयुक्त अभ्यासक्रमातील वैद्यकाचा अर्धा भाग त्याने आधीच पुरा केलेला आहे, आणि तोच पुन्हा शिकविण्यास कोणी त्याला घेणार नाही. त्याच्यापुढे उरतो तो फक्त पीएच.डी.चा भाग, आणि त्यासाठी साधा पीएच.डी.चा अर्ज करता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या आपल्या संस्थाही वैद्यकीय पदवीधरास जीवशास्त्रातील पीएच.डी.साठी घेतात, आणि परदेशी जाण्यापूर्वी तेथील प्रयोगशाळेत वर्षभर बसून पाहणे हे पुष्कळांच्या हिताचे ठरेल.

अमेरिकेत प्रथम पीएच.डी. आणि नंतर निवासी डॉक्टर, असा क्रम ज्यांनी मनाशी योजिला असेल त्यांनी परीक्षांच्या मुदतीचा हिशोब आरंभीच करावा. परदेशी वैद्यकीय पदवीधरास निवासी पदासाठी जे प्रमाणपत्र लागते, त्यासाठीच्या सर्व परीक्षा पहिल्या उत्तीर्ण परीक्षेपासून सात वर्षांच्या आत पुऱ्या व्हाव्या लागतात. एम.बी.बी.एस. संपताच उत्साहाने पहिली परीक्षा देऊन टाकावी आणि मग पीएच.डी.ला बसावे, असे केल्यास प्रबंध लांबला तर ती मुदत उलटण्याचा धोका असतो. दोन्ही परीक्षा प्रबंधाच्या आधी पुऱ्या कराव्या, अथवा दोन्ही प्रबंध हातावेगळा होण्याच्या सुमारास द्याव्या. पहिल्या परीक्षेला जानेवारी २०२२ पासून गुण दिले जात नाहीत, केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच निर्णय दिला जातो. त्यामुळे ती लवकर देण्यात पूर्वी जो लाभ मानला जाई तोही आता फारसा उरलेला नाही. शिवाय वैद्यकीय पदवी घेऊन ठराविक वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांचे अर्ज कित्येक रुग्णालये बाजूस ठेवतात. संशोधनाला महत्त्व देणाऱ्या विद्यापीठीय रुग्णालयांत ही अट पुष्कळदा सैल असते. मात्र ती सैल आहे किंवा नाही हे पीएच.डी.चा अर्ज करण्यापूर्वीच पत्र पाठवून विचारून घ्यावे.